न मोजलेले श्वास

"ए, हात काढ."

माझी तीन बोटं म्हातारीच्या मनगटावर होती. घड्याळाकडे बघत मी नाडी मोजत होते. चाळीसपर्यंत आले होते. तिने मनगट हिसकावलं आणि चादरीला पुसलं. माझ्यासमोर.

पार्ल्यातलं खासगी हॉस्पिटल. बेड नंबर सात, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी. दोन मिनिटांपूर्वी त्यांच्या मुलाने हसत हसत विचारलं होतं, "सिस्टर, आडनाव काय तुमचं?" आई मला बजावायची, नुसतं नाव सांगत जा गं. मी आडनाव सांगितलं. मग त्याने राहता कुठे विचारलं. गोवंडी म्हटल्यावर चौकशी संपली.

"तसं काही नाही हो," तो म्हणाला. "आई जुन्या वळणाची आहे. दुसऱ्या कुणाला पाठवता का?"

तसं काही नाही. शाळेपासून ऐकतेय. तसंच असतं तेव्हाच म्हणतात.

मी इनचार्ज सिस्टरकडे गेले. वाटलं, ही तरी बोलेल. तिने रजिस्टरमधून मान वर केली नाही.

"पेशंटशी वाद नको. सातचं बीपी, नाडी, सगळं मामी घेईल. तू बेडपॅन बघ."

मामी म्हणजे वॉर्डातली आयाबाई. मनाने चांगली, पण नर्सिंग शिकलेली नाही. चार वर्षं मी शिकले, रजिस्ट्रेशन माझं. पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: पेशंटची तपासणी नर्सनेच करायची, ती आयाबाईवर टाकायची नाही. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवले होते. आणि त्या दिवशी काय म्हणाले?

"हो सिस्टर."

म्हातारीपेक्षा मला त्या "हो"चा राग येतो. अजून येतो. दोन दिवस मी सात नंबरचं पॅन उचललं, धुतलं, ठेवलं. घाण काढायला माझे हात चालत होते. नाडीला चालत नव्हते.

तिसऱ्या दिवशी, दुपारी दोनला पॅन घ्यायला गेले. मुलगा जेवायला घरी गेला होता. आजी चादर चिवडत होत्या. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. एसी चालू होता, तरी.

मी स्टूल ओढून त्यांच्या नजरेसमोर बसले. "आजी, काय होतंय? सांगा मला."

मी थांबले. थांबायचंही शिकवलेलं असतं आम्हाला. मग तुटक तुटक म्हणाल्या, "जीव... घाबरतोय गं."

श्वास मोजायला हात लावावा लागत नाही. छाती बघायची, घड्याळ बघायचं. पूर्ण मिनिटभर मोजले. बत्तीस. पायाशी लटकवलेल्या चार्टवर दोनच्या रकान्यात लिहिलं होतं, अठरा.

मी धावत इनचार्जकडे गेले.

"सिस्टर, सात नंबरचा श्वास बत्तीस आहे. घाम सुटलाय. डॉक्टरांना बोलवा."

"तुला त्या बेडवर जाऊ नको सांगितलंय ना? चार्टवर सगळं नॉर्मल आहे. तू डॉक्टर झालीस काय?"

मी तिच्या टेबलावरचा फोन उचलला आणि वॉर्डच्या डॉक्टरांना लावला. परत येऊन आजींच्या बोटाला क्लिप लावली. ऑक्सिजन शहाऐंशी. त्या हात मागे घ्यायला लागल्या.

"आजी, माझा राग नंतर करा. आधी श्वास घ्या."

मास्क लावला. डोक्याकडची बाजू वर केली. आता नाडी मोजली. पूर्ण.

डॉक्टर आले, बघितलं आणि आजींना तडक आयसीयूत हलवलं. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. आजी वाचल्या. मुलाने डॉक्टरांचे हात हातात घेतले. मी शेजारीच उभी होते. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

मामी कोपऱ्यात रडत होती. "मला मशीन वाचता येतं गं. श्वास मोजायला कोणी शिकवलंय? सकाळचाच आकडा टाकला."

मामीचा मला राग आला नाही.

तासाभराने इनचार्जने चार्ट माझ्यापुढे सरकवला. तीन दिवसांचे मामीचे आकडे, सहीचे रकाने कोरे. आवाज अचानक गोड झाला होता. "सही कर ना यार. नर्सची सही लागते. सगळ्यांचीच वाट लागेल नाहीतर."

दोन दिवस मी नर्स नव्हते. सहीपुरती झाले.

"मी नाही करणार."

"नोकरी करायचीय ना?"

"करायचीय. म्हणूनच नाही करणार."

मी नर्सेस नोटमध्ये लिहिलं: श्वास बत्तीस, इनचार्जना दोन वाजून दहा मिनिटांनी कळवलं, त्यांनी नकार दिला, डॉक्टरांना मी फोन केला. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. फोटो काढून ठेवला नाही, पेशंटचे कागद मोबाईलमध्ये घ्यायचे नसतात. नियम मीही पाळते.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. वरिष्ठांचा अवमान. ऑफिसात बोलावून सांगितलं, दोन ओळींत माफी लिही, विषय संपव.

मी चार पानं लिहिली. माझं तपासणीचं काम आयाबाईला का दिलं, कुणाच्या सांगण्यावरून दिलं, तो मुलगा काय बोलला, सिस्टर काय बोलली. शब्द न् शब्द. एक प्रत ऑफिसात दिली, पोच घेतली. दुसरी नर्सिंग कौन्सिलला पाठवली. माफी कुठेच नाही.

आता वॉर्डात माझ्याशी कुणी नीट बोलत नाही. नका बोलू. काढायचं तर काढा, पण कारण लिहून द्या. जे मी बघितलं नाही, त्याच्यावर माझी सही होणार नाही. जे बघितलं ते लिहिणार. आणि जात बघून कामं वाटली, तर तेही चार्टवरच लिहिणार, वेळ टाकून.