भूल देण्याआधी बैलाचं विचारायचं

ऑपरेशनच्या टेबलाशी उभे राहिले की आमचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याखाली करंगळी टेकवायचे आणि म्हणायचे, "सुरीकडं बघायचं न्हाई. सांस बघ, सांस." हे रोग्याला नव्हे, मला.

निजामाच्या राज्यात, बिदरच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. भूल द्यायचं काम या डॉक्टरांचं. घर उदगीरकडचं, डॉक्टरकी हैदराबादला उर्दूतून शिकलेले. त्यामुळे शिकवायचे अर्धं उर्दूत आणि रागवायचे ते सगळं मराठीत. मला क्लोरोफॉर्म द्यायला शिकवायचं, हे त्यांनी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं.

"मी आजारी पडलो तर ह्या लोकांनी काय जागेपणी कापून घ्यायचं व्हय?"

आधी त्यांनी मला वॉर्डात, दुपारी झोपलेल्या माणसांपुढं बसवलं. कोण घोरतो, कोणाचा श्वास मधेच अडतो, ते सांगायचं. मग जाळीच्या टोपीवर फडकं ताणून त्यावर बाटलीतून पाण्याचे थेंब टाकायचे. धार लागली की लगेच, "शेत भिजवायलीस का?" शेवटी तीच टोपी माझ्या तोंडावर आली, क्लोरोफॉर्मसकट. दुसऱ्याला द्यायची ती झोप आधी आपण चाखायची, असा त्यांचा नियम होता. शुद्धीवर आले तेव्हा ते शेजारी बसून हसत होते. मला मात्र मळमळत होतं.

आणि रोग्याला बोलतं ठेवायचं. कानडी, मराठी, जी त्याची भाषा असेल तिच्यात, जीभ जड होईपर्यंत.

माझा पहिला रोगी राजेश्वर गावचा शेतकरी. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "अप्पा, शेत कुठं आलं तुमचं?" झालं! त्याच्या भावानं बांध कोरला होता. अर्धवट भुलीत अप्पा उठून बसला आणि भाऊ समजून त्यानं सर्जनसाहेबांचीच गचांडी धरली.

साहेबांनी फर्मान काढलं, यापुढं या बाईच्या हाती बाटली द्यायची नाही. मला रडू कोसळलं. एवढं शिकून मी पुन्हा पट्ट्या गुंडाळत बसणार होते.

डॉक्टर पोट धरून हसले. "बांधाचं कामून विचारलीस? बैलाचं विचारावं. बैलाचं नाव काढलं की माणूस खूश."

त्यांना स्वतःला हर्नियाचा त्रास होता आणि ते ऑपरेशन टाळत आले होते. आता साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. "माझं करून टाका. भूल ही देईल. दुसरं कुणी देणार असंल तर मी टेबलावर चढत न्हाई." साहेबांनी हैदराबादला जायचा सल्ला दिला. "तिथं मला बैलाचं कोण विचारणार?" म्हणाले.

शेवटी साहेबांना ऐकावं लागलं. ऑपरेशनच्या दिवशी मी टोपीवरचं फडकं पुन्हा पुन्हा ताणत बसले. ते त्यांना निजल्या निजल्या दिसलं. "टाक थेंब," एवढंच म्हणाले.

मी टाकला आणि विचारलं, "डॉक्टर, तुमचे बैल कोणकोणते?" त्यांच्या दारात कोंबडीसुद्धा नव्हती. टोपीखाली ते हसले. मग गुलबर्ग्याच्या एका कंपाउंडरचं नाव घेतलं, मग कल्याणी गावच्या, मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरचं. दोघंही त्यांच्याच हाताखाली भूल द्यायला शिकलेले. "दोघंबी गुणी हायत... आनि तिसरी..." पुढचं नाव ते पुटपुटले.

तिसरी कोण, ते मला ठाऊक होतं. तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. पण वाकून कान लावला असता तर छातीवरची नजर सुटली असती. मी सांस बघत राहिले. साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि सुरी मागितली.

डॉक्टर बरे झाले आणि बाटली कायमची माझ्याकडं आली. तिसरं नाव मी त्यांना एकदा विचारलं. "भुलीतल्या माणसाचं काय धरून बसलीस," म्हणून त्यांनी उडवून लावलं. पुढं ते गेले, आणि विचारायचं राहिलंच.

त्यानंतर कितीतरी जणांना मी भूल दिली. जबड्याखाली करंगळी टेकवून विचारायचे, "अप्पा, बैलांची नावं काय?" एक नाव स्पष्ट यायचं, दुसरं ओठांतच विरायचं. ते ऐकायला मी कधी वाकले नाही.