वनमालाकाकूंचे दोन जीबी

सकाळी साडेआठला रामेश्वरने वनमालाकाकूंच्या मोबाईलचा दिवसभराचा दोन जीबी डेटा संपवला, तोही त्यांचा चहा उकळायच्या आत. "थोडंसंच लागंल, काकू," म्हणून त्याने शेजारधर्माने हॉटस्पॉट मागून घेतलं होतं. मग लॅपटॉपवर एका ओळीची आज्ञा दिली, एंटर दाबलं आणि हाताची घडी घालून बघत बसला. ती आज्ञा म्हणजे पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' लिहिल्यासारखी निघाली. एक पॅकेज आलं ते भावकी घेऊन, भावकी आली ती पाहुणे घेऊन. हजारभर नावं पडद्यावरून पळाली आणि पंगत अर्ध्यात असताना सगळं थांबलं. नेट संपलं होतं.

काकू घाटनांदुरात ब्लाऊज शिवतात. गळ्याची नवी तऱ्हा मोबाईलवर बघायची आणि तशीच कापडावर उतरवायची, ही त्यांची पद्धत. त्या दिवशी जानकीबाईंच्या सुनेचा ब्लाऊज बेतायचा होता. कात्री हातात, आणि व्हिडिओ जागच्या जागी गरगरतोय.

"कावून रे, एवढं काय गिळलं तुझ्या डब्यानं?" काकू म्हणाल्या. "मी दिवसभर गळे बघते, तरी रात्री उरतंय."

संध्याकाळच्या आत फेडतो, असं कबूल करून रामेश्वर पिशवी घेऊन निघाला.

रामेश्वर हरिबांचा धाकटा. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. गावच्या शाळेत त्याने कॉम्प्युटर पाहिला तो कापडाखाली झाकलेला. दर शनिवारी गुरुजी कापड झटकून परत घालत, एवढंच त्याचं प्रात्यक्षिक. त्यामुळे असेल, पण झाकलेलं काही दिसलं की उघडून बघायची खोड त्याला लागली. आता तो केजच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता, आणि आज त्याचा जीव टांगणीला लागला होता तो सिदूच्या नावासाठी.

सिदू शिरूर कासारचा, त्याचा प्रोजेक्टमधला जोडीदार. दिवाळी झाली आणि सिदूच्या वडिलांची कंबर धरली. आईबरोबर कोयत्याला दुसरा हात हवा, म्हणून सिदू ऊसतोडीला गेला. लॅपटॉप नाहीच, हातात फोन तेवढा. सुंदरराव सरांनी सरळ सांगितलं होतं, गैरहजर पोराचं नाव मी प्रोजेक्टवर ठेवणार नाही. शुक्रवारी चार वाजता त्यानं त्याचा भाग माझ्यासमोर लिहून दाखवावा, कुठूनही दाखवावा. आज शुक्रवार होता.

प्रोजेक्ट असा, की दोघं दोन गावांत बसून एकाच फाईलमध्ये एकदम कोड लिहू शकतील असा एक मोफत एडिटर घ्यायचा आणि त्यात आपली भर घालायची. मधेच नेट गेलं तरी लिहिलेलं हरवू नये, ते फोनमध्ये थांबावं आणि नेट आलं की जागेवर जाऊन बसावं. भर घालायची तर एडिटर आधी आपल्या लॅपटॉपवर कच्च्या मालापासून, म्हणजे त्याच्या मूळ कोडपासून उभा करावा लागतो, आणि पंधरा दिवस तोच उभा राहत नव्हता. कॉलेजात कुणाला हे समजावताना रामेश्वरचा घसा सुकायचा. हरिबांना मात्र एका वाक्यात कळलं.

"म्हंजी एका वावरात दोघांची मेंढरं बसवायची," ते म्हणाले. "रंग येगळा लावा, म्हंजी झालं."

एडिटरवाल्यांनीही नेमकं तेच केलं होतं. रामेश्वरचा कर्सर लाल, सिदूचा हिरवा.

अंबाजोगाईला जीप बदलून तो बाराला लॅबमध्ये पोचला. तिथे वायरचं नेट. सकाळी अडलेली पंगत वीस मिनिटांत उठली. मग एडिटर ज्याच्या जोरावर चालतो त्या नोडची आवृत्ती जुनी निघाली, ती बदलली. एक वाजता सगळं जागेवर होतं आणि एडिटर तरीही चालेना. म्हणे फाईल सापडत नाही. फाईल तर समोर दिसत होती. त्याने सगळं पुसून पुन्हा केलं, तीच रड. अडीच वाजले. तिसऱ्यांदा त्याने ती लाल ओळ कंटाळा न करता शेवटपर्यंत वाचली, तेव्हा फाईलच्या पत्त्यात मधोमध प्रश्नचिन्हांची रांग दिसली.

त्या जागी फोल्डरचं नाव होतं. चांगल्या कामाची सुरुवात म्हणून या भक्ताने पंधरा दिवसांपूर्वी फोल्डरला 'मल्हारी कृपा' असं देवनागरीत, मधे ऐसपैस जागा सोडून नाव दिलं होतं. पंगतीतल्या एका जुनाट पॅकेजला ते वाचताच येत नव्हतं. रामेश्वरने मनातल्या मनात देवाची माफी मागितली, इंग्रजी अक्षरांत 'काम' नावाचा नवा फोल्डर केला, सगळं त्यात हलवलं आणि पुन्हा आज्ञा दिली.

पडद्यावर ओळ आली, सर्व्हर सुरू झाला.

तो खुर्चीतून उठला, बसला, परत उठला. तीन वाजून चाळीस मिनिटं. बाहेरून उघडेल अशी लिंक बनवून त्याने सिदूला पाठवली आणि फोन लावला.

"उघड लवकर, बे. सर यायलेत."

"ट्रक भरायलाय इथं," सिदू म्हणाला. "मोळी टाकून येतो."

चारला सुंदरराव सर येऊन मागे उभे राहिले. पडदा कोरा. लाल कर्सर एकटाच लुकलुकत होता. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, रामेश्वरने सरांकडे पाहायचं टाळलं. आणि कोपऱ्यात हिरवी रेघ उगवली.

नेट गेलं तरी लिहिलेलं फोनमध्ये थांबवायचं, हा सिदूचा भाग. तो त्याने फडात वहीवर लिहून ठेवला होता. अंगठ्याने एकेक अक्षर दाबत तो अकरा ओळी उतरवू लागला. सहाव्या ओळीला त्याचं नेट गेलं, हिरवी रेघ गायब, शेवटची दीड ओळ वाया. दोन मिनिटांनी ती परत आली आणि गेलेली दीड ओळ पुन्हा लिहून पुढे सरकली. अकरावी ओळ संपली. त्या ओळी एडिटरला लागू व्हाव्यात म्हणून रामेश्वरने पान ताजं केलं, सिदूलाही करायला सांगितलं.

सर म्हणाले, आता त्याला फोनचं नेट बंद करून लिहायला सांग.

रेघ गेली. लॅबमधली चार पोरंही मागे येऊन थांबली होती. थांबलेल्या पडद्याकडे ती बघत होती तितकं टक लावून त्यांनी निकालाकडेही पाहिलं नसेल. मग हिरवी रेघ आली ती एक अख्खी ओळ घेऊनच. 'सर मी हजर हाय'.

सरांनी हजेरीचा कागद काढला, सिदूचं नाव स्वतः वाचून त्यापुढे टिक केली आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, ऊस तोडून चिरलेल्या हाताला पट्टी बांध. टाईप करताना फार चुकतोय."

संध्याकाळी रामेश्वर घाटनांदुरात उतरला तो हवेतच. काकू ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर बिनगळ्याचा ब्लाऊज. त्याने ऐटीत आपला फोन पुढे केला, हे घ्या हॉटस्पॉट. काकूंनी व्हिडिओ लावला. तो फिरत राहिला. येताना जीपमध्ये सिदूच्या आईला व्हिडिओ कॉलवर ती हिरवी ओळ पुन्हा पुन्हा दाखवण्यात रामेश्वरचाही डेटा संपला होता.

"उद्या सकाळी, काकू. नक्की."

"सातला," काकू म्हणाल्या. "अन् तो डबा घरीच ठिव."

सातला तो फोन घेऊन ओट्यावर हजर होता, तेवढ्यात सिदूचा मेसेज आला. आज ट्रक उशिरा आहे, दोन तास मोकळे आहेत, आणखी एक पॅकेज टाकून बघू का? लहानच आहे म्हणे. रामेश्वर फोन घेऊन तसाच घरी डब्याकडे पळाला.

ब्लाऊजला अजून गळा नाही.