प्रिंटरांच्या घरातल्या चौदा पेट्या

हॉस्पिटलच्या संगणक विभागात सगळे तिला नोंदताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथून ते कधी बाहेर आलं नाही. एकोणीस वर्षं ती इमारतीतल्या झाडून साऱ्या यंत्रांची नोंदवही सांभाळत होती. वही म्हणायची एवढंच, होती ती संगणकात. तिच्यात प्रत्येक वस्तूला वर्ग होता आणि वर्गाला कूळ. सगळ्यांच्या वर ‘यंत्र’ नावाचा मूळपुरुष, त्याच्या पोटी ‘संगणक’, ‘प्रिंटर’, ‘इतर साधनं’, आणि त्यांच्या पोटी आणखी पोरंबाळं. बापाकडे माहितीचे जे रकाने, ते पोराला आपोआप मिळायचे. पोराचे स्वतःचे असे एकदोन जास्त.

ही सवय तिच्या घरातही शिरली होती. ती फडताळात डबे लावायला लागली की नवरा विचारायचा, "साखर आणि मीठ सख्खी भावंडं का गं?" ती हातातलं काम थांबवून खरंच विचार करायची. "चुलत," म्हणायची. नवरा कपाळाला हात लावायचा.

दुपारी जेवणं झाली की विभागातली खोली सुस्तावे. यंत्रांची एकसुरी घरघर, काचेतून आलेलं पिवळट ऊन, आणि नोंदताई डोळे अर्धवट मिटून त्या कुळांतून हिंडत असे. एक दार उघडलं की आत आणखी चार खोल्या, प्रत्येक खोलीत आपापल्या जागी बसलेली मंडळी. कोण कुणाचं, हे तिला पाठ होतं. इतकं निवांत तिला माहेरीसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

मग जावई आला. म्हणजे प्रश्न विचारला की उत्तर देणारं ते नवं हुशार साधन. साहेबांनी ते थाटामाटात आणवलं, सगळ्यांनी त्याची सरबराई केली, आणि पहिल्याच दिवशी त्याने घरात खोड्या काढायला सुरुवात केली. तेव्हा हे नाव नोंदताईनेच ठेवलं. पण एका सकाळी तिने त्याला सहज विचारलं, "आमच्या सगळ्या वर्गांचं कूळ एकदा मांडून दाखवाल का?" आणि पडद्यावर हळूहळू ते उलगडत गेलं. फांदीला फांदी, पानाला पान. एकोणीस वर्षं ती आतून हिंडली होती. सबंध असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. चहा गार झाला. तिचा सगळा राग तिथेच विरघळला.

त्यानंतर रोज थोडा वेळ दोघांच्या गप्पा चालत. हा वर्ग रिकामा का, तो दोनदा का. चार महिन्यांनी तिची निवृत्ती होती, आणि तिला आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचं साहेबांनी मनावर घेतलं होतं. "ताईंच्या वहीत एक चूक दाखवा," असं ते येईल त्याला सांगत.

त्या दिवशी दुपारी जावयाने लिहिलं, "प्रिंटर या वर्गातल्या चौदा वस्तूंनी अकरा वर्षांत एकही पान छापलेलं नाही. निकामी प्रिंटरांच्या यादीत घालून मी त्या सकाळीच साहेबांकडे पाठवल्या. आज चार वाजता त्यांची नेटवर्कची जोडणी बंद होईल."

नोंदताई हसली. अकरा वर्षं बसून खाणारे प्रिंटर! ते कुठले म्हणून तिने यादी उघडली.

ते प्रिंटर नव्हतेच. नवजात बाळांच्या विभागात प्रत्येक पाळण्यापाशी एक पेटी होती. बाळाच्या श्वासात खंड पडला की ती त्याच जोडणीवरून नर्सच्या टेबलावर घंटी वाजवायची. अकरा वर्षांपूर्वी त्या आल्या तेव्हा ‘इतर साधनं’ या वर्गात खाटेचा क्रमांक लिहायला रकानाच नव्हता. प्रिंटरच्या वर्गात तो होता. नवा रकाना मागायचा तर अर्ज करा, महिनाभर थांबा. म्हणून तिने चौदाही जणी प्रिंटरांच्या घरी नेऊन बसवल्या. तात्पुरत्या. तिच्या धंद्यातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी हे करतं, आणि तात्पुरतं म्हणूनच विसरतं.

साडेतीन झाले होते. गुपचूप वर्ग बदलावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला. पण यादी जोडणीवाल्याच्या हातात पडली होती. तिने त्याला फोन लावला.

"साहेबांची सही आहे, ताई. त्यांनी सांगितलं तर थांबतो."

ती साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा तिथे दोन पाहुणे बसले होते. "या या, तुमचंच कौतुक चाललंय," साहेब म्हणाले.

"ते चौदा प्रिंटर बंद करू नका," ती म्हणाली. "बाळांच्या घंट्या आहेत त्या. मीच चुकीच्या घरात घातल्यात. अकरा वर्षांपूर्वी."

पाहुणे खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांनी फोन उचलला, दोन वाक्यांत काम थांबवलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "वर जाऊन एकेक घंटी स्वतः तपासून या. बाकीचं नंतर बोलू." हे ‘नंतर’ म्हणजे काय, ते न कळायला ती काल कामाला लागली नव्हती.

बाळांच्या विभागात ती आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होती. आत ऊबदार, मंद उजेड होता, जणू कुणी संध्याकाळ धरून ठेवली होती. चौदा पाळणे ओळीने. तिच्या वहीत हे नुसते आकडे होते. इथे प्रत्येक आकड्यात मुठी मिटलेलं एकेक माणूस झोपलं होतं. मोठ्या नर्सबाईंनी पहिल्या पेटीची चाचणीची कळ दाबली. टेबलावर बारीक घंटी वाजली. दुसरी वाजली. सातवी वाजली.

आठवी वाजली नाही.

नर्सबाईंनी पुन्हा दाबली. काहीच नाही. नोंदताईने जोडणीवाल्याला फोन लावला.

"अहो, ती एक मी आधीच बंद करून बघितली होती," जोडणीवाला म्हणाला. "नुसती चाचणी म्हणून. थांबा, करतो चालू."

ती आठव्या पाळण्याशी उभी राहिली. बाळाची छाती वरखाली होत होती, इतक्या हलके की नजर हटवायची भीती वाटावी. ती पापणी न लववता एकेक श्वास मोजत राहिली. एकोणीस वर्षांत तिने एवढ्या जपून कशाचीच नोंद घेतली नव्हती.

एक्केचाळिसाव्या श्वासाला फोनमधून आवाज आला, "हं, बघा आता."

नर्सबाईंनी कळ दाबली. घंटी एवढी खणखणीत वाजली की बाळ दचकलं आणि त्याने टाहो फोडला.

"झालं! आत्ता कुठे निजला होता," नर्सबाई वैतागून म्हणाल्या. आणि बघतात तर पाळण्याचा कठडा धरून ही बाईही रडत होती.