देशाच्या गाण्यातली मागची बाई

माझा आवाज जाड आहे. आमच्या घरात तो दोष कुणी मानला नाही. वडील ओझरच्या विमान कारखान्यात पत्र्यांना रिव्हेट मारायचे आणि संध्याकाळी नाशिकला घरी आले की पेटी काढून बसायचे. त्यांची गायन पार्टी होती. एप्रिलात जयंतीच्या दिवसांत ती शहरातल्या वस्त्यांतून गायची आणि पुढे उन्हाळाभर खेड्यांतून. माइक कधी असायचा, कधी नसायचा. नसला की जाड आवाजाची मुलगी उपयोगी पडते. मी शाळेत होते तेव्हापासून कोरसमध्ये होते, आणि पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले तरी कोरसमध्येच राहिले.

रेडिओवर लोकगीतं गायला मी अधूनमधून मुंबईला जायचे. तिथे एका संगीतकारांनी मला ऐकलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्यांचा शाळेत फोन आला. आशियातल्या देशांची गाण्याची स्पर्धा भरणार होती. प्रत्येक देशाने एक नवं गाणं पाठवायचं, ते तिथल्या स्टेजवर गायचं, आणि मग देशोदेशीच्या टीव्हीवर ते दाखवणार. आपल्या देशातर्फे त्या संगीतकारांचं गाणं निवडलं गेलं होतं. पुढे गाणाऱ्या बाई मुंबईच्या, नावाजलेल्या. मागे चौघी हव्या होत्या.

"तुमचा आवाज जाड आहे," ते म्हणाले.

"हो."

"मला एक जाड हवाय. बाकीच्या तिघी बारीक आहेत."

मी फोन ठेवला तेव्हा मुख्याध्यापिका समोरच बसल्या होत्या. शाळेत बाहेरगावचा फोन एकाच कारणासाठी यायचा, म्हणून त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही, बाई. मलाच जायचंय. देशातर्फे गायला."

त्यांनी थोडा विचार केला. "सहामाहीच्या आत परत या," त्या म्हणाल्या.

पासपोर्टच्या चौकशीला घरी हवालदार आले. आमच्या कॉलनीत पोलीस आला की लोक आपापल्या दारात उभे राहत. आईने त्यांना चहा दिला.

"परदेशात कशासाठी चाललात?" त्यांनी विचारलं.

"गायला."

"म्हणजे गायिका."

"नाही. मागून गायचंय."

"मागून म्हणजे?"

"गायिका पुढे असतात. आम्ही मागे."

हवालदारांनी वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "साहेब, मागचे नसले तर पुढच्याचं गाणं उघडं पडतं." हवालदारांनी काहीतरी लिहून घेतलं आणि दुसरा कप चहा घेतला. पासपोर्ट मिळाला.

तालमी मुंबईत झाल्या. बाकीच्या तिघींनी सिनेमाच्या कोरसमध्ये उमेदवारी केलेली होती. सगळ्यांत मोठीला आम्ही ताई म्हणायचो. गाणं हिंदीत होतं, शांततेबद्दल. शांतता सगळ्या देशांना चालते, असं संगीतकारांचं म्हणणं होतं. आम्हाला ध्रुवपद होतं आणि मध्ये लांब आलाप होता. मला ते गाणं आवडलं नव्हतं. पण मला विचारलंही नव्हतं.

स्पर्धेच्या शहरात आम्हाला चांगल्या हॉटेलात उतरवलं. खोली इतकी गार होती की ताई साडीवर स्वेटर घालून झोपायच्या. आमच्या गायिकाबाईंना ती हवा बाधली. स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्या नाश्त्याला आल्या आणि "गुड मॉर्निंग" म्हणाल्या, ते फक्त ओठांवरून कळलं.

गरम पाणी झालं, हळद झाली, तिथल्या डॉक्टरांचं औषध झालं. दुपारपर्यंत आवाज आला, पण वरचा सूर येईना. संगीतकार म्हणाले, "पट्टी उतरवू या." गाणं काळी चारमध्ये होतं, ते पांढरी चारवर आणायचं ठरलं. आमच्या गायन पार्टीत एवढं बोललं की काम झालं असतं. इथे वाद्यवृंद त्या देशाचा होता आणि कागदावरच्या खुणा पाहून वाजवणारा. प्रत्येकाच्या कागदावरच्या खुणा बदलायला लागल्या. ती माणसं जेवायची थांबून लिहीत बसली. कुणी कुरकुर केली नाही, निदान आम्हाला कळेल अशा भाषेत.

मग आम्ही गाऊन पाहिलं. गायिकाबाईंना नवी पट्टी सोसली. पण आमचा आलाप मुळातच खालून जाणारा होता, तो आणखी खाली गेला. तिथे तिघींचा सूरच लागेना, नुसता श्वास ऐकू यायचा. माझा मात्र तिथेच खुलतो.

संगीतकारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "ह्या एकट्या गातील. तुम्ही तिघी ओठ हलवा."

मला वाटलं, ताईंना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "बरं झालं. निदान पदर तरी नीट राहील."

आता मला माइकजवळ उभं राहणं भाग होतं. मागच्यांसाठी एकच माइक होता, आणि तो स्टेजच्या कडेला फुलांच्या मोठ्या सजावटीमागे बसवला होता, कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून. तिथल्या माणसाला खुणांनी विचारलं, माइक हलवता येईल का. त्याने खुणेनेच नाही म्हटलं. मग फुलं हलवता येतील का विचारलं. फुलांसाठी त्याने वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठही नाही म्हणाला. तेव्हा मीच हलले.

स्टेजवर मला प्रेक्षक दिसले नाहीत. समोर केशरी रंगाची फुलं होती, आणि त्यांच्या देठांमधून गायिकाबाईंची पाठ. आलाप आला तेव्हा आवाज थरथरला नाही. तो मोकळा निघाला. समोर एवढा मोठा हॉल गप्प बसलाय आणि त्यात आपला एकटीचा आवाज फिरतोय, हे मला फुलांमागूनही कळलं. तेवढा वेळ ते गाणं मला आवडलं.

आम्ही सातवे आलो. एकूण देश नऊ होते.

त्याचं रेकॉर्डिंग आपल्याकडे नंतर एका रविवारी दुपारी दाखवलं. आमच्या कॉलनीत एका क्लार्कसाहेबांकडे टीव्ही होता. त्यांच्या खोलीत मावतील तेवढे लोक आत बसले, बाकीचे खिडकीशी. वडील अगदी पुढे, आई त्यांच्या शेजारी. आपल्या देशाचं गाणं सुरू झालं. गायिकाबाई दिसल्या. मागे तिघी दिसल्या, एका तालात डुलणाऱ्या, पदर अगदी नीट.

"तू कुठेस?" आईने विचारलं.

"ती फुलं आहेत ना, त्यांच्या मागे."

आईने फुलांकडे पाहिलं. "चांगली आहेत," ती म्हणाली.

आलाप सुरू झाला. तिघींनी सुंदर ओठ हलवले. क्लार्कसाहेबांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "ती मधली काय छान गाते."

"ती गात नाही," वडील म्हणाले.

"तोंड तर हलतंय तिचं."

"हलू द्या. आवाज आमच्या पोरीचा आहे. मी लहानपणापासून ऐकतोय तो."

सगळे ऐकायला लागले. मग कॅमेरा फुलांवर आला. बहुधा दुसरं काही दाखवायला नसावं म्हणून आला असेल, पण आलाप संपेपर्यंत तिथेच राहिला. खिडकीतून कुणीतरी टाळी वाजवली. वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. गाणं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "शेवटचा श्वास अर्ध्यात घेतलास. पुढे घ्यायचा होतास."

सातवा नंबर सगळ्यांना कळला तेव्हा क्लार्कसाहेब म्हणाले, "म्हणजे आपल्याहून वाईट आणखी दोन देश आहेत." त्यावर चहा झाला.

पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी ते गाणं पार्टीच्या कार्यक्रमात घेतलं. मी नको म्हटलं. ढोलकीवाल्याला त्याचा ठेका सापडेना, म्हणून त्याने आपलाच लावला. पुढच्या गायिकाबाई नव्हत्या, तेव्हा तेही मीच गायले. देवळ्याकडच्या एका गावात पहिल्यांदा गायलो. कांदा काढून दमलेली माणसं जमिनीवर बसली होती. आमची नेहमीची गाणी त्यांना पाठ होती, हे नवीन होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

मग पागोटं घातलेले एक बाबा उठून पुढे आले. "हे कोनाचं गानं हाय?" त्यांनी विचारलं.

वडील म्हणाले, "देशाचं आहे."

"देशाचं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीचा गळा लय चांगला हाय. गानं जरा लांबलंय."

वडिलांनी पेटीचा भाता सोडला. "आम्हालाही तसंच वाटतं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी त्यांनी त्यातलं एक कडवं काढून टाकलं, आणि मग ते गाणं बरं चाललं.