अर्धा पांढरा सूट

आमची पलटण राजस्थानात होती तेव्हा मी लान्स नायक होतो आणि प्रकाश मेश्राम शिपाई. दोघंही भिलाईचे. मी सेक्टरमधला, म्हणजे स्टील प्लांटच्या कॉलनीतला, वडील प्लांटच्या रेल मिलमध्ये. तो कॅम्प-1 या मजूरवस्तीचा. भरतीच्या आधी तो ट्रकच्या मागच्या पाट्या रंगवायचा. पलटणीत भिलाईचे आम्ही दोघंच, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की आमची जिवाभावाची दोस्ती असणार. तो मला भाऊ म्हणायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. पुढे जे लिहितो आहे ते सगळं याचंच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

वर्दीवरचे ठिपके शोभेसाठी असतात असं सिव्हिल लोकांना वाटतं. भिलाईत सिविक सेंटरच्या बाजारात तसल्या कापडाच्या टोप्या आणि हाफ पँटा मिळतात. माझा भाचा तसली पँट घालून लग्नालाही जातो. पण ते काम गमतीचं नाही. आधी खाकी होती, मग ऑलिव्ह ग्रीन. मग जंगलासाठी हिरव्या-तपकिरी पट्ट्यांची वर्दी आली, वाळवंटासाठी मातकट, आणि बर्फासाठी वर्दीवरून चढवायचा पांढरा सूट. आता बारीक चौकोनांचा नवा पॅटर्न आला आहे. मी त्याआधीच पेन्शनीत आलो. यातला प्रत्येक कपडा कोणा ना कोणा जवानाने अंगावर घालून, झुडपात पडून तपासलेला असतो.

राजस्थानात तशी एक ट्रायल झाली. वाळवंटाच्या पॅटर्नचे दोन नमुने आले होते. कंपनीतून चौघं निवडले, त्यात आम्ही दोघं. तीनशे मीटरवर अधिकारी दुर्बिणी घेऊन बसणार, आम्ही झुडपांत पडून राहायचं किंवा सरपटत त्यांच्याकडे सरकायचं. कोण किती वेळात दिसतो ते स्टॉपवॉचवर. मी आदल्या संध्याकाळी वर्दीला स्टार्च देऊन कडक इस्त्री मारली. पलटणीत माझ्या टर्नआउटचं, म्हणजे टापटिपीचं, नाव होतं आणि मेजरसाहेब स्वतः येणार होते. मेश्रामने त्याची वर्दी पाण्यात बुडवली, पिळून वाळूत लोळवली आणि तशीच वाळत टाकली.

"वेडा आहेस का बे? साहेब हाकलतील तुले," मी म्हणालो.

"भाऊ, वाळूचा रंग एक नसते. सकाळचा अलग, दुपारचा अलग," तो म्हणाला. "कपड्यानं बी तसंच राहाले पायजे."

मी चार मिनिटांत दिसलो. मेजरसाहेबांनी माझ्या पँटच्या क्रीजवर छडी ठेवली. "झुडपात सरळ रेघ कुठे असते, रामटेके?" सगळे हसले, मीही हसलो. मेश्राम सत्तेचाळीस मिनिटं सापडला नाही. शेवटी शिटी मारून त्याला उठवावं लागलं, तेव्हा तो सरपटत दुर्बिणीवाल्यांपासून साठ पावलांवर आलेला होता. साहेबांनी त्याला पुढच्या ट्रायल्सना जंगलात आणि बर्फात नेलं. परत आला तो लान्स नायकची फीत लावून. त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला.

"तो मेश्रामचा पोरगा फौजेचे कपडे ठरवते म्हणते. अन् तू काय करून राहिला तिथं?"

मी फोन ठेवला. त्या दिवसापासून मेश्राम जेवायला समोर बसला की मी ताट घेऊन उठायचो. तो माझ्याशी कधी वाकडा वागला नाही. वागला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढल्या वर्षी पलटण उत्तरेकडच्या डोंगरात गेली. आम्ही दोघं एकाच सेक्शनमध्ये, म्हणजे दहा जणांच्या तुकडीत, सेक्शन कमांडर एक पहाडी हवालदार. रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज बसायचं, सहाला पेट्रोल, म्हणजे गस्त, दुपारी परत, मग हत्यारांची सफाई. एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागला. पेट्रोलला जाताना पूर्ण पांढरा सूट घालायचा, अशी स्टँडिंग ऑर्डर होती.

त्या सकाळी निघण्याआधी मेश्राम हवालदारांकडे गेला. वर आता अर्धा बर्फ आणि अर्धा दगड आहे, पांढरी पँट राहू द्या, वरचा पांढरा कोट काढून नेहमीचा जंगल पॅटर्न ठेवू, असं त्याने सांगितलं. हवालदारांनी वर पाहिलं. "मेश्राम ठीक बोलता है. सब लोग ऊपर का उतारो."

सगळ्यांनी काढला. मीही काढला आणि पाठीवरच्या पॅकमध्ये कोंबला. मी रांगेत शेवटचा होतो. नऊच्या सुमारास आम्ही डोंगराच्या धारेवर पोचलो तेव्हा समोर सलग बर्फ होता, एकही दगड दिसत नव्हता. मला आनंद झाला. एकदा तरी हा चुकला. मी पॅकमधून कोट काढून पुन्हा अंगात चढवला. कोणी विचारलं तर थंडी वाजत होती म्हणून सांगणार होतो. मागे वळून कोणी पाहिलं नाही.

वीस मिनिटांनी बर्फ संपला. उतारावर काळे दगड होते आणि मधेमधे पांढरे तुकडे. कोट काढायला थांबलो तर सगळ्यांसमोर काढावा लागला असता. मी काढला नाही.

नऊ चाळीसला समोरच्या टेकाडावरून दुश्मनाची पहिली फैर आली. सरळ माझ्यावर. मी एका दगडामागे पडलो. दगड माझ्यापेक्षा लहान होता. पुढून हवालदारांचा आवाज आला, "कोई हिलेगा नहीं." मग ते रेडिओवर बोलताना ऐकू आले. "कॉन्टॅक्ट. एक आदमी खुले में. एलएमजी आगे ला रहा हूँ. ओव्हर."

खुले में असलेला तो माणूस मी होतो. दगडाच्या कपच्या तोंडावर उडत होत्या. मेश्राम माझ्या पुढे चाळीस पावलांवर असायला हवा होता. मला तो दिसत नव्हता. फक्त आवाज आला.

"भाऊ, लागलं का?"

"नाई."

"कोट काढ."

"हात वर केला का मारते ते."

मग तो म्हणाला, "मी डावीकडे जातो. ते माह्याकडं पाहतीन. तेवढ्यात काढ अन् नाल्यात लोळ."

"नको, मेश्राम."

दगड आणि बर्फाच्या मधून तो उठला. इतका वेळ मी त्याच जागेकडे पाहत होतो. तो बर्फाच्या पट्ट्यावरून डावीकडे धावला. पांढऱ्यावर त्याचा हिरवा शर्ट एक किलोमीटरवरूनही दिसला असता. फैर त्याच्याकडे वळली. मी कोट फाडून काढला आणि नाल्यात पडलो. तो वीस पावलं गेला असेल. मग आमची एलएमजी, हलकी मशीनगन, सुरू झाली. दहाला सगळं शांत झालं होतं.

संध्याकाळी हवालदारांनी मला एकट्याला विचारलं, "तेरा कोट किधर है?"

"वहीं रह गया, साब."

ते माझ्याकडे बघत राहिले. रिपोर्टमध्ये त्यांनी कोटाबद्दल लिहिलं नाही, मीही सांगितलं नाही. मेश्रामला मरणोत्तर पदक मिळालं. ते घ्यायला त्याची आई गेली. कंपनीच्या टीव्हीवर मी ते पाहिलं, आणि लिहायला लाज वाटते, पण तेव्हासुद्धा मला त्याचा हेवा वाटला.

गेल्या महिन्यात त्याची बहीण शोभा माझ्या घरी आली. ती कॅम्प-1 मध्येच शाळेत शिकवते. तिथल्या चौकातल्या भिंतीवर प्रकाशचं पूर्ण उंचीचं चित्र काढायचं ठरलं आहे. चित्र काढणाऱ्या पोरांना नवा चौकोनांचा पॅटर्न हवा होता.

"मी म्हटलं, त्यानं जे घातलं होतं तेच काढा," शोभा म्हणाली. "दादा, त्या दिवशी काय होतं त्याच्या अंगावर?"

"खाली पांढरी पँट. वर जंगल पॅटर्न."

तिने वहीत लिहून घेतलं. "सगळ्याइचं असंच होतं?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "माह्यं नव्हतं. माह्यं पूर्ण पांढरं होतं. गोळी माह्यावर आली होती."

"त्यानं तुमाले सांगतलं नव्हतं?"

"सांगतलं होतं."

"मंग कावून?"

"मी त्याच्यावर जळत होतो, शोभा."

तिने वही बंद केली. चहा तसाच होता. "आत्ता मले तुमाच्याशी बोलता येत नाई," म्हणाली आणि गेली.

तीन दिवसांनी तिचा फोन आला. "रविवारी दहाले चित्राचं उद्घाटन आहे, या. तुमचं नाव भाषणात टाकलं आहे. मले जे सांगतलं तेच तिथं सांगा. आई समोरच बसन."

म्हणून हे लिहून काढलं. तोंडी सांगायला गेलो तर मधलं काहीतरी गाळेन, मला माझा भरवसा नाही. कागद हातात धरून वाचणार आहे. लान्स नायक प्रकाश मेश्राम, राहणार कॅम्प-1, भिलाई, त्या सकाळी कोणालाच दिसत नव्हता, मलासुद्धा नाही. आई, तो माझ्यासाठी दिसला.