नानांचा आवाज आणि मिलची मांजर

डाळमिलमध्ये काम करणाऱ्याच्या अंगावर चुरी साठते. रोज झटकायची, रोज साठते. किस्स्यांचंही तसंच. जळगावातल्या एका मिलमध्ये मी कॉम्प्युटरवर बिलं करतो, पण लग्नाच्या पंगतीत भेटेल तो विचारतो ते मांजरीचंच. "भाऊ, ती वजनकाट्यावर बसायची तो किस्सा सांगा ना!" मी सांगतो, लोक हसतात. हल्ली मी पुढचंही सांगतो, तेवढं सांभाळून घ्या.

मांजरीचं नाव चुरी. रंगही तूरडाळीच्या चुरीसारखाच पिवळट. मिल शेठजींची, त्यामुळे मांजरही त्यांचीच म्हणायची, पण ती ऐकायची फक्त नानांचं. नाना म्हणजे आमचे काटेवाले, धुळ्याकडचे. बायको वारलेली, मुलगा सुरतेला. गेटजवळच्या खोलीत नाना आणि चुरी दोघंच राहायचे.

मशीन चालू असलं की आम्ही एकमेकांच्या कानात ओरडतो. नाना मात्र काट्यावरूनच हाक मारायचे, "आठे ये वं माय!" की चुरी गोदामाच्या त्या टोकाकडून शेपटी उभी करून हजर!

*

नानांनी तिला बसायला शिकवलं तेही काट्यावर. स्वतः दिवसभर तिथेच असायचे, दुसरीकडे कुठे शिकवणार? "बस" म्हटलं की काट्याच्या कोपऱ्यात बसायची आणि "ऊठ" ऐकल्याशिवाय हलायची नाही.

एकदा धरणगावचे एक व्यापारी डाळ न्यायला आले. डाळीच्या पोत्यांची, आमच्या भाषेत कट्ट्यांची, थप्पी काट्यावर चढली आणि चुरी थप्पीमागे तशीच बसून राहिली. वजन काही केल्या जुळेना! शेवटी व्यापारी मागे डोकावले.

"शेठ, ही कोणत्या भावाने लावली?"

"तुमच्याआमच्यात काय भाव! अशीच घेऊन जा!"

सगळे हसले. नानांनी मात्र धावत जाऊन चुरीला उचललं आणि सौदा संपेपर्यंत खाली ठेवलं नाही. त्यांना ते खरंच वाटलं होतं.

*

शेठजी जैन. मिलमध्ये सुकट, बोंबील, अंडं काही आणायचं नाही. आता मांजराला बक्षीस काय द्यायचं? नानांनी तूप लावलेल्या भाकरीच्या तुकड्यावर सगळं शिकवलं. "हात दे" शिकायला तिने पूर्ण हिवाळा घेतला.

आमचे मुश्ताकभाई हमाल. त्यांना हे बघवेना. ते गेटबाहेर रुमालात सुकट घेऊन बसले आणि चुरी दुसऱ्याच दिवशी दोन्ही हात द्यायला लागली!

संध्याकाळी ती कौतुक करून घ्यायला शेठजींच्या टेबलावर चढली. शेठजींनी नाक मुरडलं. "हा वास कसला?"

"मांजरीच्या तोंडाचा, शेठजी," मुश्ताकभाई म्हणाले.

"काय खाल्लं तिने?"

"उंदीर, शेठजी. तुमच्याच मिलचा."

*

शेठजींच्या मनात तरी तिचा अभिमान होताच. धुळ्याचे व्याही आले तेव्हा अंगणात खुर्च्या मांडल्या, चहा झाला, नाना पुढे आले. "बस." चुरी उभी. "हात दे." चुरी अंग चाटतेय. "आठे ये." चुरी भिंतीवर! व्याही सभ्यपणे म्हणाले, "छान आहे मांजर."

त्यांची गाडी गेटबाहेर पडली आणि चुरी खाली उतरून बसली, तिने एक हात दिला, मग दुसरा दिला.

शेठजी लाल झालेले. नाना शांतपणे म्हणाले, "तिले लाज वाटस, शेठ."

*

मग नानांचा घसा बसला. आम्ही म्हणालो, मिलची धूळ आहे. नाना म्हणाले, तंबाखू आहे. नानाच बरोबर निघाले. नाशिकच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल, आवाज नाही.

 आठवड्याने जेवणाच्या सुट्टीत नाना मला म्हणाले, "आवाज गया ते मंग हिले मी बलावसू कसा? घरमा दुसरं कोन शे?"

 मी डबा बंद केला.

त्या दिवसापासून त्यांनी चुरीला खुणा शिकवायला घेतल्या. पंजा खाली केला की बस, वर केला की ऊठ, बोटं वळवली की ये. आधी खूण आणि शब्द दोन्ही, मग शब्द रोज थोडा हळू. चुरी हाताकडे बघायलाच तयार नाही! शब्द ऐकू येईनासा झाला की ती निघून जायची. तूप झालं, खवा झाला, एकदा तर शेठजींनी गेटबाहेर बघून मुश्ताकभाईंना खूण केली आणि स्वतः आत निघून गेले. सुकटही वाया गेली.

आम्ही मात्र रोज बघत होतो. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी नानांनी पंजा खाली केला, तर मुश्ताकभाई, मी, दोघं हमाल, सगळे कट्ट्यांवर बसलो! नाना हसले, मग डोळे पुसले.

"चुरी सोडीसन बठ्ठा शिकनात!"

चुरी सोडून सगळे शिकले, हे नानांच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य.

*

ते नाशिकला असताना चुरी जेवेना. माझ्या मोबाइलमध्ये नानांची हाक रेकॉर्ड केलेली होती. मला वाटलं, ऐकवून बघू. चुरी धावत आली, मोबाइल हुंगला, त्याच्या मागे बघितलं. मग एकेका थप्पीमागे बघत गोदामभर फिरली आणि नानांच्या दार लावलेल्या खोलीसमोर जाऊन ओरडत बसली. ते ऐकवत नव्हतं. मी पुन्हा ती हाक लावली नाही.

*

नाना परत आले. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. मुलगा सोबत होता, सुरतेला चला म्हणत होता. नाना सरळ काट्याकडे गेले आणि त्यांनी बोटं वळवली. चुरी थप्पीवर बसलेली, जागची हलली नाही. पुन्हा बोटं वळवली. तिने तोंड फिरवलं.

नाना स्टुलावर बसले. हात मांडीवर ठेवले आणि सवयीने ओठ हलवले. आवाज नाही, नुसती हवा, तीही फडक्यातून.

चुरी थप्पीवरून उतरली. नानांसमोर काट्यावर येऊन बसली. एरवी गावभर ऐकू जाईल असं ओरडणारी मांजर, तिने तोंड पूर्ण उघडलं, पण आवाज काही आला नाही. नानांनी परत ओठ हलवले, तिने परत तोंड उघडलं.

"मशीनमुळे ऐकू येत नाही," शेठजी म्हणाले. "बंद करा मशीन."

भर दिवसा मिल बंद झाली. आम्ही कान देऊन उभे होतो. नानांचे ओठ हलत होते, चुरीचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. काहीच ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने शेठजी चष्मा काढून पुसत म्हणाले, "चालू करा रे मशीन. त्यांचं बोलणं चाललंय, आपण काय ऐकत उभे राहायचं."