बापाच्या सदऱ्यातली सुई

हिराआत्या आज सकाळी गेली. तिला दिलेला शब्द मी पाळला नाही.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात तिला सगळेच आत्या म्हणायचे. मीही.
ती मला मास्तर म्हणायची आणि अरे-तुरे करायची. तीस वर्षं संस्कृत शिकवून या गावात मिळालेला माझा सर्वोच्च सन्मान.

दिवाळीनंतर शाळेच्या हॉलमध्ये आम्ही जुन्या कपड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांनी घालून घालून झिजवलेले कपडे.
अट एकच. धुवायचे नाहीत, शिवायचे नाहीत. फाटके तसेच द्यायचे.

लोकांनी काय दिलं?
इस्त्री केलेले शालू.

मग मी फाटकं मागत दारोदार फिरलो. आत्या दारातूनच म्हणाली, "मास्तर, पगार झाला न्हाय काय तुजा?"

मी हौसेने बोर्ड रंगवला होता, 'जीर्णवस्त्रदर्शन'. तिला वाचून दाखवला.
"ह्यो काय मंतर हाय? लोकं नारल घेऊन येतील."
बोर्ड बदलला.

आणि मग तिने पेटीच्या तळातून बापाचा सदरा काढला.

पांढरा, जाड सुताचा. खांद्यापासून खाली वीतभर फाटलेला. त्यातलं अर्धं शिवलेलं.
जिथे शिवण थांबते तिथे एक गंजलेली सुई.

आत्या तेव्हा सहा वर्षांची. बाप दुसरा सदरा घालून होडीवर गेलेला, आई उंबऱ्यात बसून हा शिवत होती.
बंदरावरून माणसं आली. होडी फुटली, म्हणाली.
आईने सुई कापडात टोचली आणि धावत सुटली.

"परत हात लावला न्हाय आयशीनं. म्हनायची, शिवला तर घालनार कोन?"

प्रदर्शनात द्यायच्या आधी आत्याला तो पुरा शिवायचा होता.
"चार मानसांत बापाला फाटका उभा करू?"
मी म्हणालो, "आत्या, तू शिवलंस तर आयशीचा हात कुठे थांबला ते कुणाला दिसणार?"

तिने सदऱ्याची घडी घालून माझ्या हातात दिली.
"ने. पन झाल्यावर मना परत दे. डोले हायत तवर मी पुरा करनार. आयस थांबली. मी न्हाय थांबायची."

मी शब्द दिला.

ती रोज यायची. मासळीची पाटी हॉलबाहेर ठेवून सदऱ्याच्या काचपेटीपुढे उभी राहायची. लोक सदरा बघायचे, ती लोकांना बघायची.
मुंबईचे एक पाहुणे भारावून म्हणाले, "व्वा! काय सुंदर फाटलंय!"
आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "याच्या घरचं कोन बुडलेलं न्हाय वाटतं."

पुढे अलिबागच्या एका संस्थेने ते सगळं महिनाभरासाठी मागितलं.
मला मोह झाला. काचपेटीवरच्या लेबलखाली माझं नाव होतं, खोटं कशाला बोलू?

"आत्या, शिमग्याला नक्की."
"बरा. येताना बारीक सुई आन. आन पांढरा दोरा."

महिन्याचे दोन झाले. शिमगा आला नि गेला. बाजारात दिसली की हाक यायची, "मास्तर, बापूस कुठं हाय माजा?"
"अलिबागला. काचेत."
"मजा हाय त्याची. जिता व्हता तवा अलिबाग धड बघला न्हवता."
ती हसायची. मीही हसायचो.
मी हसायला नको होतं.

आज सकाळी तिच्या मुलाचा फोन आला. तसाच रिक्षाने अलिबागला गेलो, काचपेटी उघडून सदरा घेतला. वाटेत एका दुकानात सुई घेतली, पांढरा दोरा घेतला.
परतीच्या रिक्षात दोरा ओवत बसलो. चष्मा पुसून पुसून नागाव मागे पडलं तरी जमेना. शेवटी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा थांब बाबा. त्यानेच ओवून दिला.

पोचलो तेव्हा तिरडी उचलायला माणसं वाकली होती.
सुनेने सदरा हातात घेतला. फाटलेल्या जागेवर बोट फिरवलं.
"शिवू काय, मास्तर?"
वेळ नव्हता. सगळ्यांनाच ते दिसत होतं.

तिने तो तसाच आत्याच्या छातीवर पसरला.

आत्या, चार माणसांत तुझ्या बापाला फाटका उभा केला मी. दोनदा.
माफ कर असं म्हणायचंही तोंड नाही मला.

चारच बोटं शिवायची राहिलीत.
नवी सुई आयशीच्या सुईशेजारी टोचून दिली आहे. दोरा ओवलेला आहे.

ये आता, आत्या.